शिमर स्प्रेची चमक कोनात असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शिमर स्प्रेने सजवलेल्या चिकटवह्या, शुभेच्छापत्रे आणि आकाशकंदील यांच्याविषयी आलेला लेख वाचला. छायाचित्रे देखणी होती, यात वाद नाही. परंतु त्यांच्याखाली ‘स्प्रे मारावा आणि वाळू द्यावे’ एवढ्यावरच कृती संपली, आणि शेवटी ‘कोणताही सोनेरी-चंदेरी स्प्रे चालेल’ असा सल्लाही दिला गेला. त्यातला पहिला भाग अपुरा आहे आणि दुसरा चुकीचा आहे. शाळेत अनेक वर्षे चित्रकला आणि कागदकाम शिकवलेली शिक्षिका म्हणून, दिवाळीच्या तोंडावर घरोघरी हे काम सुरू होण्याआधी, काही गोष्टी सविस्तर लिहाव्यात असे वाटले.

कागदकामात ज्याला शिमर स्प्रे म्हणतात, तो हाताने दाबायच्या पंपाच्या लहान बाटलीत मिळतो. त्यात पाणी, थोडा रंग, कागदाला धरून ठेवणारा डिंक किंवा तत्सम चिकट द्रव्य आणि अभ्रकाची अतिशय बारीक पूड असते. ही पूड नुसत्या अभ्रकाची नसते. अभ्रकाच्या प्रत्येक पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ थर चढवलेला असतो. या थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि थराच्या जाडीप्रमाणे चंदेरी, सोनेरी, तांबूस, निळी किंवा हिरवी झाक दिसू लागते. तांब्यासारखी आणि कांस्यासारखी छटा हवी असेल, तर टायटॅनियमऐवजी लोहाच्या ऑक्साइडचा थर देतात. म्हणजे साध्या रंगाप्रमाणे ही झाक पानावर कायम दिसत राहत नाही. उजेड कोठून येतो आणि पाहणाऱ्याचा डोळा कोठे आहे, या दोन्हींचा मेळ बसला तरच ती दिसते. पान कलले की उजळते, कोन बदलला की विझते. शिमर स्प्रेचा कल्पक वापर करायचा म्हणजे हा एक गुण ओळखून वापर करायचा, असे माझे मत आहे.

ही गोष्ट छापील छायाचित्रात उतरत नाही, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. स्कॅनरवर ठेवलेल्या किंवा मोबाइलने अगदी समोरून टिपलेल्या पानातली अभ्रकाची चमक बहुतेक नाहीशी होते आणि मागे उरतो तो फक्त फिकट रंगाचा डाग. असे छायाचित्र पाहून काम करणाऱ्याला वाटते, की अजून थोडे मारायला हवे. मग पान भिजून वाकते, रंग एकमेकांत मिसळून मळकट होतात आणि एवढे करूनही समाधान झाले नाही, की वरून प्लास्टिकची चमकी भुरभुरवली जाते. ही चमकी पुढे महिनाभर घरातल्या सतरंजीवर आणि मुलांच्या केसांत सापडत राहते, हे कोणत्याही पालकाला सांगायला नको. अशी सुटी प्लास्टिक चमकी विकण्यावर युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून निर्बंध आणले, कारण तीही सूक्ष्म प्लास्टिकच असते. अभ्रक हे खनिज असल्याने त्या व्याख्येत बसत नाही. चमकीला पर्याय म्हणून शिमर स्प्रेचा विचार व्हावा, याचे हेही एक कारण आहे.

‘कोणताही स्प्रे चालेल’ हे वाक्य मात्र मला धोक्याचे वाटते. बाजारात सोनेरी आणि चंदेरी स्प्रे म्हणून सर्रास मिळतो, तो लोखंडी जाळ्या, कुंड्या आणि गाड्यांचे भाग रंगवण्यासाठी केलेला दाबाच्या डब्यातला रंग असतो. त्यात द्रावक असतात आणि रंग बाहेर ढकलण्यासाठी बहुधा ज्वालाग्राही वायू भरलेला असतो. बंद खोलीत, मुलांच्या हातात, शेजारी समई किंवा पणती तेवत असताना तो वापरणे सर्वथा अयोग्य आहे. शिवाय कागदाच्या दृष्टीनेही तो निरुपयोगी ठरतो, कारण तो कागदात मुरण्याऐवजी वर एक सलग कवच तयार करतो. घडी घातली की हे कवच तडकते आणि खालच्या कागदाचा पोत झाकला जातो. पाण्याचा पंपाचा फवारा आणि दाबाचा डबा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे लेखात स्पष्ट लिहायला हवे होते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. अभ्रक पाण्यापेक्षा बरेच जड असल्यामुळे बाटली ठेवली की तासाभरात ते तळाशी बसते. म्हणून प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवावी लागते आणि काम चालू असतानाही मधून मधून हलवत राहावे लागते. तसे न केल्यास पहिल्या पानावर नुसता रंग आणि शेवटच्या पानावर नुसता लगदा येतो. बाटली पानापासून साधारण २० ते ३० सेंटिमीटर दूर धरावी. पंप एका झटक्यात पूर्ण दाबला तर धुक्यासारखी बारीक तुषारवृष्टी होते, आणि मुद्दाम हळू, अर्धाच दाबला तर मोठे थेंब पडतात. दोन्हींचा उपयोग आहे, पण आपल्याला काय हवे ते आधी ठरवून पहिला दाब नेहमी रद्दीवर द्यावा. काम संपल्यावर नोझल काढून कोमट पाण्यात ठेवावे आणि साध्या पाण्याचे दोन-चार दाब सोडावेत. तुंबलेल्या नोझलमध्ये टाचणी घालण्याची सवय वाईट आहे. छिद्र मोठे झाले, की त्या बाटलीतून पुन्हा बारीक तुषार निघत नाहीत.

कागदाची निवड ही यातली सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. छपाईचा ७०-८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) कागद ओला होताच सुरकुततो. कार्डशीट १६० ते २२० जीएसएमची असेल तर हलका फवारा सोसते, आणि जलरंगासाठी मिळणारा ३०० जीएसएमचा खरखरीत कागद सर्वांत उत्तम. घोटीव कागदावर थेंब मुरत नाहीत. ते वर बसून कडांना गोळा होतात आणि वाळल्यावर बोट फिरवले की अभ्रक निघून येते. वाकलेले पान सरळ करायचे असेल, तर ते किंचित दमट असतानाच दोन बटर पेपरांमध्ये घालून जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवावे.

हातकागद मात्र या कामाला फार चांगली साथ देतो. पुण्यात १९४० पासून हातकागदाची संस्था आहे आणि मराठवाड्यात दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याला तर हातकागदाची शतकांची परंपरा आहे. हातकागदाच्या तंतूंत फवारा असमान मुरतो, पण तीच असमानता चमकेला खोली देते. कागदावर चमक शिंपडण्याची कल्पनाही आपल्याकडे नवी नाही. फारसी, मुघल आणि दख्खनी हस्तलिखितांच्या कागदांवर सोन्याच्या वर्खाचे कण शिंपडून नंतर ते घोटत. त्या कागदाला जरअफशान म्हणत. ती पाने भिंतीवर टांगण्यासाठी नव्हती, हातात धरून वाचण्यासाठी होती, आणि वाचताना पान कलले की समासातले कण उजळत. जुन्या कारागिरांनी सोने बहुधा समासात आणि अक्षरांच्या मागे विरळ ठेवले, मजकुरावर ओतले नाही, हे मला आजच्या चिकटवहीसाठीही शिकण्यासारखे वाटते.

स्टेन्सिलचे, म्हणजे नक्षी कोरलेला छापा कागदावर ठेवून फवारण्याचे, काम सर्वांना सुचते. त्यासाठी महागड्या आयात स्टेन्सिली घेण्याची गरज नाही. रांगोळीचे प्लास्टिकचे छापे, जुन्या पडद्याची लेस, फळांच्या पेटीतली जाळी यांनी उत्तम नक्षी उठते. अडचण एकच, की फवारा जास्त झाला तर पाणी छाप्याच्या कडेखाली शिरते आणि नक्षी फिसकटते. म्हणून एका जोरदार फवाऱ्याऐवजी दोन हलके फवारे, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती, आणि मग छापा सरळ वर उचलणे, असा क्रम ठेवावा. उचललेला ओला छापा लगेच धुऊ नये. तो उलटा करून दुसऱ्या पानावर दाबला, की त्याच नक्षीचा उलट ठसा मिळतो, आणि बहुतेक वेळा तो पहिल्यापेक्षा अधिक नाजूक असतो, कारण त्यात पाणी कमी आणि अभ्रक पुरेसे असते. चिकटवहीच्या समोरासमोरच्या दोन पानांवर अशी जोडी ठेवली, तर वेगळ्या सजावटीची गरज उरत नाही.

त्याहून मला प्रिय आहे ते पानांचे काम. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरून आलेल्या मुलांच्या वह्यांत नेच्याची पाने वाळवून चिकटवलेली असतात आणि वर्षभरात त्यांचा भुगा होतो. त्याऐवजी नेचा, शेवग्याची डहाळी किंवा बांबूची कोवळी पाने कागदावर सपाट ठेवून भोवती हलका फवारा मारावा; पान उचलले, की कोऱ्या कागदाची स्वच्छ आकृती उरते. ती वाळल्यावर पान किंचित सरकवून वेगळ्या छटेचा दुसरा फवारा दिला, तर एकामागे एक उभ्या झाडोऱ्याचा भास होतो. या पद्धतीत चमक वस्तूवर नसते, तिच्या भोवतालच्या हवेत असते, आणि पान उलटताना तीच हवा लुकलुकते. सहलीच्या नोंदी, तिकिटे आणि छोटी छायाचित्रे मधल्या कोऱ्या जागेत बसतात.

मेणाचे काम लहान मुलांना फार आवडते. पांढऱ्या मेणखडूने किंवा साध्या मेणबत्तीच्या टोकाने कागदावर नाव लिहावे, वरून रंगीत शिमर स्प्रे मारावा आणि ओले असतानाच मऊ कापडाने हलके टिपावे. मेणाने पाणी नाकारल्याने नाव उजळ उमटते. बारशाच्या वहीच्या पहिल्या पानासाठी मला याहून सोपी आणि सुबक युक्ती ठाऊक नाही. चुरगाळलेले पातळ प्लास्टिक ओल्या पानावर पसरून ते तसेच वाळू दिले, तर सुरकुत्यांच्या रेषांत अभ्रक साचून संगमरवरासारख्या शिरा उठतात. ओल्या पानावर जाडे मीठ टाकण्याची जलरंगातली युक्तीही चालते. फक्त वाळल्यावर मीठ पूर्ण झटकावे, नाहीतर दमट हवेत पान पुन्हा ओले होते. कोकणात आणि मुंबईत तर हे नक्कीच घडते.

काळ्या कागदाविषयी दोन शब्द वेगळे लिहिते, कारण चमकेचा खरा कस तेथे लागतो. निळी किंवा जांभळी झाक देणारा, रंग न मिसळलेला फवारा पांढऱ्या कागदावर मारला तर तो जवळजवळ दिसत नाही. अभ्रकातून आरपार गेलेला उरलेला प्रकाश पांढऱ्या कागदावरून परततो आणि त्या झाकेला पुसून टाकतो. काळा कागद हा आरपार गेलेला प्रकाश शोषून घेतो आणि झाक निखळ दिसते. आपल्याकडच्या जुन्या लग्नाच्या अल्बमांची पाने काळी असत, मध्ये बटर पेपर असे आणि छायाचित्रे कोपऱ्यांच्या चिमट्यांत अडकवलेली असत. नवा अल्बम त्याच धर्तीवर करायचा असल्यास काळ्या आम्लविरहित कार्डशीटवर, छायाचित्र येणार असेल तेवढी जागा कागदाने झाकून, भोवती चंदेरी तुषार सोडावेत आणि पूर्ण वाळल्यावर छायाचित्र लावावे.

छायाचित्रावर मात्र थेट फवारा कधीही मारू नये. इंकजेटवर छापलेल्या छायाचित्राची शाई पाण्याने पसरते, आणि जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवरचा जिलेटिनचा थर पाणी शोषून फुगतो व चिकट होतो. आजोबांच्या एकुलत्या एका छायाचित्राची प्रत काढून तीच वहीत लावावी आणि मूळ छायाचित्र वेगळे ठेवावे. शिवाय फवाऱ्यातले अभ्रक टिकाऊ असले, तरी त्यात मिसळलेले रंग पुष्कळदा उन्हाने उडतात. वर्षानुवर्षे जपायच्या पानांसाठी रंगहीन किंवा फक्त सोनेरी-चंदेरी फवारा निवडणे शहाणपणाचे.

आता सणांच्या कागदकामाकडे वळते. आकाशकंदिलावर शिमर स्प्रे सुचवताना आपल्या लेखकाने एका गोष्टीचा विचार केलेला दिसत नाही. कंदिलात दिवा आतून लागतो. अभ्रकाला चमकण्यासाठी उजेड बाहेरून पडावा लागतो; आतून उजेड आला, की अभ्रकाचा प्रत्येक कण तो अडवतो आणि बटर पेपरवर किंवा पतंगी कागदावर मातकट ठिपके दिसतात. दिवसा सुंदर वाटलेला कंदील रात्री मळलेला दिसतो, तो यामुळेच. फवारा द्यायचा तो पुठ्ठ्याच्या चौकटीला, वरखालच्या कातरलेल्या पट्ट्यांना आणि मुख्यतः खाली सोडलेल्या झिरमिळ्यांना. झिरमिळ्या वाऱ्याने हलतात, वरच्या दिव्याचा उजेड त्यांच्यावर तिरपा पडतो आणि अभ्रकाला हवे असते ते सारे तेथे आपोआप जुळून येते. झिरमिळ्या कापण्याआधी अखंड कागदावर दोन्ही बाजूंनी फवारा मारून, तो दोरीवर वाळवून मग कापाव्यात.

गणपतीच्या मखराची गोष्ट याच्या उलट आहे. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या काही वस्तूंवर आणि थर्माकोलवर बंदी आल्यापासून पुठ्ठ्याची आणि कागदाची मखरे पुष्कळ घरांत दिसू लागली. मखरावर दिव्यांचा उजेड समोरून आणि वरून पडतो, पाहणारे लोक ये-जा करत असतात, त्यामुळे शिमर तेथे शोभते. पुठ्ठ्याचा तपकिरी रंग न झाकता त्यावर नुसता तांबूस फवारा दिला, तर लाकूडकामाचा भास होतो. आधी पांढरा रंग देऊन वर सोनेरी मारण्यापेक्षा हे मला कितीतरी सरस वाटते. नालीदार पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलून आतल्या नाळ्या उघड्या केल्या आणि बाजूने, अगदी तिरपा फवारा दिला, तर अभ्रक नाळ्यांच्या एकाच अंगाला बसते आणि एका बाजूने पाहिल्यास मखर सोनेरी व दुसऱ्या बाजूने साधे दिसते.

आहेराचे पाकीट ही लहानशी वस्तूही लक्ष देण्याजोगी आहे. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची पाकिटे करून त्यांच्या आतल्या अस्तराला फवारा द्यावा, बाहेरून काहीच करू नये. पाकीट उघडताना आतला कागद कलतो आणि तेवढाच क्षणभर चमकतो. क्रेप कागदाच्या फुलांना पाकळीच्या फक्त कडेला फवारा द्यावा. देठापर्यंत दिला, तर क्रेपच्या चुण्या पाण्याने सैल पडतात आणि फूल मान टाकते.

तयार बाटल्या महाग पडतात, हे खरे आहे. घरी करायचे असल्यास ३० मिलीलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा पर्ल पावडर (वर सांगितलेली थर चढवलेल्या अभ्रकाची पूड), बाभळीच्या डिंकाच्या गाळलेल्या पाण्याचे काही थेंब आणि हवा असल्यास शाईचा एखादा थेंब घालून ते लहान पंपाच्या बाटलीत भरावे; हलवताना पूड सुटावी म्हणून आत एक काचेचा मणी टाकावा. डिंकाला बुरशी लागते, तेव्हा दोन-तीन दिवसांत संपेल एवढेच करावे. डिंक अजिबात घातला नाही, तर अभ्रक वाळल्यावर हाताला लागते आणि समोरच्या पानावर उतरते. कोरडी पूड नाकातोंडात जाऊ नये, म्हणून ती पंख्याखाली मोजू नये आणि हे काम मोठ्यांनी करावे. पर्ल पावडर घेताना ती कृत्रिम अभ्रकाची आहे का, हे विचारणेही योग्य ठरेल. झारखंडमधल्या कोडरमा आणि गिरिडीह भागातल्या अभ्रकाच्या खाणींत मुले राबतात, ही बाब जगभर चर्चेत आल्यानंतर प्रयोगशाळेत केलेल्या अभ्रकाचा वापर वाढला आहे. शाळेतल्या मुलांच्या वह्या सजवण्यासाठी दुसऱ्या मुलांनी खाणीत उतरावे, हे मला तरी पटत नाही, आणि पाकिटावर याचा उल्लेख असावा अशी मागणी ग्राहकांनी करायला हवी.

आपणांस विनंती एवढीच, की कागदकामाची पाने यापुढेही अवश्य छापावीत, पण शिमरच्या वस्तूचे छायाचित्र खिडकीच्या तिरप्या उजेडात घ्यावे आणि शक्य असेल तेथे एकाच पानाची समोरून व बाजूने अशी दोन छायाचित्रे शेजारी द्यावीत. कृतीबरोबर कागदाचे जीएसएम, फवाऱ्याचे अंतर, वाळण्यास लागणारा वेळ आणि फवारा पाण्याचा आहे की दाबाच्या डब्यातला, हे स्पष्ट लिहावे. दाबाच्या डब्याविषयीची दुरुस्ती दिवाळीपूर्वीच्या अंकात, लेखाच्याच जागी यावी. छपाईसाठी नमुन्याची पाने लागल्यास मी ती आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली विश्वासू,
चित्रकलेची एक निवृत्त शिक्षिका,
डोंबिवली